मदत हवी आहे : क्वालालंपूरमध्ये शाकाहारी आईला मलेशियन काय खाऊ घालू?

गेले सात महिने कामासाठी क्वालालंपूरला आहे. परवा आई-बाबा आलेत, तीन आठवड्यांसाठी. बाबा मासे-चिकन खातात. गोमांस आणि डुक्कर नाही. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. पण तिचं माहेर वेंगुर्ल्याचं, घर मासळी बाजाराच्या मागेच. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

काल ऑफिसखालच्या एका साध्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पदार्थांचे फोटो, वर गरगरणारा पंखा. 'सायुर' म्हणजे भाजी एवढं मला कळतं, म्हणून मोठ्या ऐटीत आईसाठी कांगकुंग मागवली. पोकळ देठांची पालेभाजी, हिरवीगार, वर लाल मिरची. दिसायला झकास. आईने घास तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"यात जवळा आहे."

मी म्हटलं, अगं भाजी आहे ती. मग वेटरला विचारलं, तर तो आनंदाने म्हणाला, "ब्लाचान!" म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. सगळी भाजी त्यातच परतलेली. आईने साधा भात आणि काकडी खाल्ली, आणि बाबांनी गोमांस निघेल या भीतीने फक्त चहा घेतला. मी तिघांचं जेवलो.

तर प्रश्न असा, की आईला खरोखर चालेल असं इथलं काय आहे, आणि ते मागवायचं कसं? बाबांसाठीही सुचवा. कृपया भारतीय हॉटेलं सुचवू नका. आईचं म्हणणं, "वरण-भात खायला पाच तास विमानात बसले का?"

केळीचं पान :
ब्रिकफील्ड्सला, इथल्या भारतीय वस्तीत, जा. पानावर भात, सांबार, तीन भाज्या, पापड. विषय संपला.

धागाकर्ता :
शेवटच्या दोन ओळी वाचायच्या राहिल्या बहुतेक. :)

गुळांबा :
नऊ वर्षं इथे आहे, शाकाहारी आहे, आणि तुमच्यासारखीच फसून शिकले आहे.

'व्हेज आहे का?' असं विचारूच नका. उत्तर 'हो' येतं, कारण ताटात मांसाचा तुकडा नसतो. ब्लाचान त्यांच्या लेखी मसाला. आपण आमटीत हिंग वेगळा मोजतो का, तसंच. एकेक वस्तू नाव घेऊन नाकारायची. 'नको'ला इथे बोलीत 'ताक नाक' म्हणतात. शेवटचा क गिळायचा असतो, पण ताक आणि नाक मराठी माणसाच्या लक्षात तरी राहतं. ताक नाक ब्लाचान, ताक नाक इकान (मासा), ताक नाक उदांग (कोळंबी), ताक नाक तेलुर (अंडं). कांगकुंग नुसत्या लसणावरही परतून देतात, मात्र ऑइस्टर सॉस (कालवांचा) घालू नका हेही सांगा.

नासी लमाक सगळ्यात जास्त फसवतो. पानदान नावाच्या झाडाचं सुवासिक पान घालून नारळाच्या दुधात शिजवलेला भात, शेंगदाणे, काकडी. इथवर ठीक. वरचे इकान बिलिस, म्हणजे मांदेलीच्या भाऊबंदांपैकी बारीक सुके मासे, बाजूला काढून भागत नाही. सांबालमध्ये, म्हणजे सोबतच्या मिरचीच्या चटणीतही तेच किंवा ब्लाचान असतं.

आईंना नासी लमाक खायचाच असेल तर चिनी शाकाहारी दुकान शोधा. बौद्ध मंडळींची असतात, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो. अंड्याचं तेवढं विचारा. आणि आईंना आधीच सांगून ठेवा की ताटात जे हुबेहूब मटण दिसेल ते सोयाचं किंवा गव्हाच्या प्रथिनाचं असतं. माझ्या सासूबाई ताट सोडून उठल्या होत्या.

सुकटप्रेमी :
बाबांची चिंता सोडा, त्यांची खरी चैन आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. हलाल पाटी असली म्हणजे डुक्कर नाही, पण गोमांस असतं. 'दागिंग' म्हणजे मांस, पण मेनूवर नुसतं दागिंग लिहिलेलं असेल तर बहुधा गोमांसच. 'आयाम' म्हणजे कोंबडी, 'काम्बिंग' म्हणजे बोकड-मेंढी. चिनी दुकानातल्या 'चार क्वे त्याओ'मध्ये, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या रुंद शेवयांमध्ये, कोळंबी बघून भुलू नका, परतायला बरेचदा डुकराची चरबी वापरतात.

बाबांना रेन्दांग आयाम द्या, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेली कोंबडी. त्यात केरिसिक घालतात, म्हणजे किसलेलं खोबरं तांबूस भाजून, तेल सुटेपर्यंत कुटलेलं. आपलं भाजक्या खोबऱ्याचं वाटणच. गवती चहा आणि गलांगल (आल्याच्या जातीचं मूळ) घातल्यावर ते कुठल्या कुठे जातं, ते बघाच.

पण माझं खरं मत विचाराल तर आसाम लाक्सा. मूळ पेनांगचा, इथेही मिळतो. (नारळाच्या दुधातला लाक्सा वेगळा.) तांदळाच्या जाड शेवया आणि आंबट कालवण. त्यातला इकान केम्बुंग म्हणजे आपला बांगडा हो! आंबटपणाला चिंच आणि 'आसाम केपिंग', म्हणजे कोकमाच्याच कुळातल्या एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. सोबत चमच्यात कोळंबीची काळी गोड-खारट चटणी येते. ती पहिल्यांदा थोडीच मिसळा.

तिसरा चहा :
मामाकला कोणीच कसं पाठवलं नाही? तमिळ मुसलमानांची ही दुकानं बरीचशी रात्रभर उघडी असतात. मामाक म्हणजे तमिळमधला मामाच.

आईंना 'रोटी कोसोंग' द्या. कोसोंग म्हणजे रिकामी, नुसती रोटी चानाय, इथला पदर सुटलेला मैद्याचा पराठा. पिठात कधी अंडं घालतात, ते विचारून घ्या. दुसरा सापळा डाळीचा. वाढताना डाळीवर माशाची करी ओतून मोकळे होतात. 'दाल साहाजा' म्हणायचं, म्हणजे फक्त डाळ. तेह तारिक, म्हणजे इथला फेसाळ दुधाचा चहा, 'कुरांग मानिस', कमी गोड, सांगा; कंडेन्स्ड मिल्कमुळे बासुंदी होते नाहीतर. रोटी चानाय, नासी लमाक आणि तेह तारिक ही मंडळी २०२४मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, मलेशियाची न्याहारीची संस्कृती म्हणून. त्यामुळे आईंना गावी सांगायलाही बरं.

गोडात चेन्डोल : किसलेला बर्फ, नारळाचं दूध, पानदानच्या हिरव्या शेवया, वर गुला मेलाका, म्हणजे माडाचा गूळ. आणि कुइह केतायाप दिसलं तर सोडू नका. हिरव्या घावनात गूळ-खोबऱ्याचं सारण. गोव्याकडचे लोक अळेबेळे म्हणून ओळखतील. घावनात अंडं असतं बरेचदा, तेव्हा ते तुम्हीच खा.

धागाकर्ता :
काल रात्री मामाकला जाऊन आलो. आई दुपारपासून 'ताक नाक इकान, ताक नाक तेलुर' घोकत होती. ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाला तिने ते धडाधड म्हणून दाखवलं. तो नेपाळचा निघाला. हिंदीत म्हणाला, "आंटी, दाल अलग कटोरी में लाता हूँ." आईचा जरा हिरमोडच झाला. दोन रोट्या खाल्ल्या, मग शेजारच्या गाडीवर चेन्डोल, आणि आज परत जायचंय म्हणते.

बाबांनी आज दुपारी आसाम लाक्सा खाल्ला. वाटी पुसून. शेवटी म्हणाले, "तिरफळं हवी होती."

एक शेवटचा प्रश्न. आईला गुला मेलाका घरी न्यायचाय. टिकतो का?

गुळांबा :
कोरडा राहिला तर महिनोन्महिने. दोन पिशव्यांत गुंडाळा, उकाड्यात पाघळतो. आणि बाबांनी ब्लाचान घेतलं असेल तर ते त्याच बॅगेत ठेवू नका. वेंगुर्ल्याचं नाक आहे.