'शाश्वत घर' म्हणजे कसलं घर?

शब्दवेडी: एका गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'सस्टेनेबल होम्स'ला मी 'पर्यावरणपूरक घरं' लिहिलं, ते खोडून 'शाश्वत घरं' करून आलं. कीर्तनात ऐकलेलं शाश्वत म्हणजे परब्रह्म. देह नश्वर, मग सिमेंटची भिंत शाश्वत कशी? दुसरा शब्द सुचवा.

तळटीप: 'शाश्वत विकास' पाठ्यपुस्तकात रुळून गेलाय. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, 'शश्वत्' या मुळावरून नव्हे.

शब्दवेडी: विकास चालू राहू शकतो, म्हणून तिथे चालतं. घर ही वस्तू आहे हो.

जांभा: मला 'पूरक'ही पटत नाही. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारं. घर बांधून निसर्गाची कोणती उणीव भरते? आमचं रत्नागिरीकडचं घर जवळच्या खाणीतल्या चिऱ्याचं. त्याला कुणी विशेषण लावलं नाही.

ओळंबा: मी बांधकामात आहे. विशेषण कुठलंही घाला, पुढे पुरावा हवा. 'हरित' म्हणता तर 'गृह' या हरित इमारतींच्या मानांकनाचे तारे किती? आयजीबीसीचं (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं) प्रमाणपत्र नकाशे बघून दिलेलं की बांधकाम पुरं झाल्यावरचं? गिऱ्हाईक इथेच फसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायला मनाई आहे. वास्तुरचनाकार लॉरी बेकर केरळात विटा उभ्या लावून आतून पोकळ भिंत बांधायचे, सुमारे पाव हिस्सा विटा वाचायच्या. पत्रकात तसं लिहा: काय वाचवलं, किती वाचवलं.

तळटीप: पण शीर्षकात एक शब्द लागतोच ना!

पांढरीची_माती: 'टिकाऊ' का नको? सोलापूरकडे आजीच्या घराला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर होतं. दर पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, दाबून घ्यायची. मे महिन्यात आत गार. दरवर्षी हात फिरायचा म्हणून ते टिकलं.

जांभा: माळवद म्हणजेच धाबं ना?

पांढरीची_माती: नाही. धाबं खानदेशातलं.

तळटीप: छप्पर तेच, प्रांत वेगळा. 'माळवद' माळ्यावरूनच आला असावा.

पांढरीची_माती: माळा घराच्या आत असतो, माळवद डोक्यावर. आमच्याकडे उन्हाळ्यात माळवदावर झोपायचे, माळ्यावर कोण झोपेल?

जांभा: आमच्याकडे झोपतात.

शब्दवेडी: पत्रक उद्या द्यायचंय. ओळंबा, वाचलेल्या विटांचा आकडा बिल्डरकडे नेमका कुठल्या कागदावर मागू?