बाळाला दुधाची अ‍ॅलर्जी: नेमकी कोणती रक्ततपासणी? मदत हवी आहे

मुलगी ११ महिन्यांची. गाईच्या दुधात शिजवलेलं नाचणीसत्त्व दिल्यावर दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला. असं दोनदा झालं. डॉक्टरांनी दुधाचं 'स्पेसिफिक आयजीई' (दुधाविरुद्धची अ‍ॅलर्जीची अँटीबॉडी मोजणारी रक्ततपासणी) लिहून दिलंय. लॅबवाले दोनशे पदार्थांचं पॅकेज सुचवताहेत. उपाशीपोटी न्यायचं का? सेट्रिझिन (अ‍ॅलर्जीचं औषध) बंद करायचं का?

प्रतिसाद १
पॅकेज नको. अशा पॅकेजांत बहुतेक वेळा आयजीजी ही वेगळीच अँटीबॉडी मोजतात. आयजीजी म्हणजे एखादा पदार्थ खाण्यात आल्याची नुसती खूण, धडधाकट मुलांतही सापडते. त्यावरून गहू, अंडं, डाळ बंद केली तर वाढत्या बाळाचे हाल होतात. नुसतं 'टोटल आयजीई' (रक्तातलं सगळं आयजीई मिळून) हेही उपयोगाचं नाही. इसब किंवा जंतांनीही ते वाढतं.

लॅबकडे इम्युनोकॅप (स्पेसिफिक आयजीई मोजायची एक पद्धत) असेल तर 'गाईचं दूध, एफ२' असं तपासणीच्या कोडसह सांगा. जमलं तर केसिन (दुधातलं एक प्रथिन), एफ७८, त्याच रक्तातून होतं. उपास नको. सेट्रिझिन चालू ठेवा, रक्ततपासणीवर त्याचा परिणाम होत नाही. ते बंद करावं लागतं त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी.

प्रतिसाद २
रिपोर्ट वाचताना मात्र जपून. ०.३५ च्या वर आकडा आला की लॅब 'पॉझिटिव्ह' छापते. त्याचा अर्थ एवढाच, की शरीराने दुधाविरुद्ध आयजीई तयार केलंय. रोज दूध पचवणाऱ्या मुलांतही तो येतो. दोन वर्षांखाली ५ च्या पुढे आणि मोठ्या मुलांत १५ च्या पुढे गेला, तर खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता खूप जास्त. पण पुढची रिअ‍ॅक्शन किती जोरात येईल, हे आकडा सांगत नाही.

निगेटिव्ह आला तरी घरी दूध देऊन बघू नका. दोनदा लगेच गांधी उठल्यात, तेव्हा खात्री हॉस्पिटलमध्ये, थोडं थोडं दूध देऊनच करायची.

धागाकर्ती
तोवर म्हशीचं दिलं तर?

प्रतिसाद १
नाही, शेळीचंही नाही; प्रथिनं फार सारखी असतात. दही, पनीर, तूपही थांबवा. बिस्किटांच्या पाकिटावर व्हे, केसिन ही दुधातल्या प्रथिनांची नावं शोधा; दिसली तर देऊ नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. आईचं पथ्य डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चुकून दूध पोटात गेलं आणि श्वास घरघरला, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा बाळ मलूल पडलं, तर सेट्रिझिनची वाट बघू नका. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, थेट हॉस्पिटल गाठा.