मदत हवी आहे: डोंगरावरच्या शाळेत मुलींचं वसतिगृह, स्लॅब की पत्रा?

डोंगरवाट
नकाशा याच आठवड्यात द्यायचा आहे, म्हणून थेट विचारतो. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह बांधतोय. भिंती दगडाच्या, ते ठरलंय. वर स्लॅब घालू की पत्रा? गावाला स्लॅब हवा, ठेकेदार पत्रा म्हणतो. पुढच्या वर्गाची ही शाळा मुलींच्या घरांपासून लांब, वाटेत ओढे, त्यामुळे मुली मधूनच घरी बसतात. यंदा एकही बसायला नको. ज्यांनी असं काम केलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

सुलभा_जो
मुली किती? उंची किती? पाऊस जास्त की बर्फ? रस्ता जागेपर्यंत येतो का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गवंडीकाम
स्लॅबचा विचार सोडा. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. जाड दगडी भिंती, सांध्यांत नुसती माती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं ओझं, आणि पहाटेची वेळ. माणसं झोपेतच गाडली गेली. तुमच्याकडे तर मुली झोपायलाच येणार. दगडच वापरायचा तर दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवा. नाहीतर भिंतीचे आतले-बाहेरचे पदर सुटे होतात आणि हादऱ्यात फुगून पडतात. जोत्याला, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या लगेच वर) आणि छपराखाली सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींतून अखंड फिरवा. वर हलका पत्रा.

स्थापत्य७
दगडी भिंतीच नकोत. कॉलम-बीमचा सांगाडा करा, मग स्लॅबही चालेल. डोंगरावरच्या वाऱ्यात पत्रा उडतो, आणि पावसात खाली अभ्यास अशक्य.

गवंडीकाम
सांगाड्याची सळई आणि खडी वर नेणार कोण? शिवाय पारा ५ अंशांखाली गेला की काँक्रीट धड पकडत नाही. ताकद यायच्या आत गोठलं तर ते कायमचं कमजोर राहतं. पत्रा उडतो तो खिळे मारून सोडून देतात म्हणून. छपराच्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे) भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टने बांधा, पत्र्याखाली फळ्यांचं छत करा, आवाज आणि थंडी दोन्ही अडतात.

स्थापत्य७
तसे बोल्ट लावलेली किती कामं खरोखर दिसतात, सांगा बरं.

मातीवेडा
दगडही नको, सळईही नको! मातीने भरलेल्या गोण्यांचे थर, मधे काटेरी तार. इराणी-अमेरिकी वास्तुविशारद नादर खलीली यांनी यातून अख्खी घरं उभी केली. माती जागेवरचीच, आणि गावातले सगळे हात लागतात.

पायपीट
जरा अवांतर. वसतिगृहाआधी मुलींना सायकली का देत नाही? बिहारने २००६ साली दिल्या, शाळेतल्या मुली वाढल्या.

सुलभा_जो
@पायपीट, सपाट मुलखात ठीक आहे. इथे वाटेत ओढे आहेत. धागाकर्ते, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

डोंगरवाट
मुली ४०. बर्फ नाही, पाऊस धो धो. गाडी शेवटच्या वळणापर्यंत येते, पुढे सगळं डोक्यावरून. जागा उतारावर होती, कापून सपाट केली. मागचा अर्धा भाग कातळ, पुढचा अर्धा त्यातच निघालेल्या मातीचा भराव. पण मी छपराबद्दल विचारतोय!

सुलभा_जो
दादा, छप्पर नंतर. अर्धा पाया कातळावर आणि अर्धा ताज्या भरावावर असेल तर भराव दबणार, कातळ जागचा हलणार नाही, आणि इमारत बरोबर मधे तडकेल. वर स्लॅब असो वा पत्रा. इमारत अरुंद आणि लांब करून पूर्ण कातळावर घ्या, भरावावर अंगण ठेवा. मागच्या कापलेल्या कड्यापासून मात्र अंतर सोडा, तिथे पाण्याला चर काढा. संरक्षक भिंत बांधाल तर तिच्यात पाणी जायला भोकं हवीतच. पावसाळ्यात भिंत ढकलतं ते मागे कोंडलेलं पाणी.

स्थापत्य७
याला पूर्ण अनुमोदन.

उषा_रेक्टर
छपरावर इतकं बोलणं झालं, दारांबद्दल कोणीच बोललं नाही. २१ मे २०२३ला गयानातल्या महदिया गावी मुलींच्या वसतिगृहाला रात्री आग लागली. खिडक्यांना गज, दारांना कुलूप. मुली आतच अडकल्या, २० जीव गेले. कुलूप मुलींच्या रक्षणासाठीच घालतात, मला ठाऊक आहे, मी वसतिगृहातच नोकरी केली आहे. म्हणून हट्टाने सांगते, झोपायच्या खोलीला समोरासमोर दोन दारं ठेवा, बाहेर उघडणारी, आतून किल्लीशिवाय निघणारी. गज लावाल तर तेही आतून उघडणारे. रेक्टरची खोली त्याच मजल्यावर. संडास त्याच छपराखाली हवेत, आत पाणी, दिवा, कडी आणि झाकणाची बादली. रात्री अंगण ओलांडून जावं लागलं तर मुली संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद करतात.

डोंगरवाट
ताई, दारं आणि संडास नकाशात बदलून घेतो. सुलभाताई, कातळ नक्की कुठपर्यंत आहे ते खड्डे घेऊन बघतो. ४० खाटा तेवढ्यात बसतील का, शंका आहे. आणि मग पत्राच धरू ना?

गवंडीकाम
धरा. उतार चांगला द्या, पागोळ्यांचं पाणी भरावावर पडू देऊ नका.

सुलभा_जो
जवळ पाण्याचा झरा असेल तर तो इमारतीच्या वर आहे की खाली? खाली असेल तर संडासाचा शोषखड्डा कुठे घेताय?