मदत हवी आहे: काळ्या डुंगरावर सूर्यास्त बघून त्याच रात्री भुजहून गाडी पकडता येईल का?

कोथरूडचा_अमोल
डिसेंबरात कच्छला चाललोय. काळ्या डुंगरावरून सूर्यास्त बघायचाच आहे आणि त्याच रात्री भुजहून परतीची गाडी आहे. जमेल का? मॅपवर दोन तास दाखवतंय. 'आधी शोधा' म्हणू नका, शोधून झालंय. सगळ्या व्हिडिओंत नुसता ड्रोन आणि ढोल. आरक्षण आजच करायचंय, जरा पटापट सांगा.

भटकभवानी
गाडी किती वाजताची? बरोबर कोण? डिसेंबरात कधी? डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' सांगून औषध मागताय तुम्ही.

कोथरूडचा_अमोल
गाडी रात्रीची आहे, लिहिलंय की. दादरला उतरून पुण्याला येणार.

नळस्टॉप
दादर कशाला? पुण्याहून थेट भूज एक्स्प्रेस आहे.

रिकामटेकडा
आठवड्यातून एकदा! दादरची सयाजीनगरी आणि वांद्र्याची कच्छ एक्स्प्रेस रोज आहेत. अमोल बरोबर करतोय.

जोशीकाका
डिसेंबर म्हणजे दत्तजयंती. मग गिरनारला जा. आता रोपवे झाला आहे, त्रास नाही.

भटकभवानी
काका, २०२० साली झालेला रोपवे अंबाजीपर्यंतच जातो. दत्तशिखर त्याच्या बरंच पुढे, पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या. 'त्रास नाही' म्हणून कोणाला पाठवू नका. आणि त्यांनी गिरनार विचारलाच नाहीये.

कोथरूडचा_अमोल
पण दत्तजयंतीच गाठायची आहे. आईसाठीच तर चाललोय. काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे ना. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे गिरनार बाद.

भटकभवानी
हे पहिल्या पोस्टमध्ये नको का लिहायला! आता नीट सांगते.

भुजहून काळा डुंगर ९० किलोमीटरच्या आसपास. डुंगराच्या अलीकडच्या खावडा गावापर्यंत रस्ता सपाट आणि सरळ, वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते. खरा वेळ शेवटच्या घाटात जातो. डुंगर ४६२ मीटरच आहे, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मासुद्धा नाही, पण वळणं अंगावर येतात आणि सूर्यास्त संपला की सगळ्या गाड्या एकदमच उतरायला लागतात. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिथून अंधारात भूज, मग स्टेशन, आई आणि सामान. मी तरी ही उडी मारणार नाही.

शिवाय दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. धोर्डो गावाजवळ मिठाच्या पांढऱ्या रणात हिवाळ्यात रणोत्सव भरतो, त्यात पौर्णिमेलाच सर्वात जास्त झुंबड. धोर्डोचे तंबू त्या रात्री सगळ्यात महाग, रस्त्यावर बसगाड्या.

रिकामटेकडा
आईंना वर चढावं लागेल का, हे महत्त्वाचं. देवळापर्यंत फारसं नाही. रण दिसतं त्या टोकाला जायला पुढे चढ आणि पायऱ्या आहेत. उंट मिळतो, पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर उंटाची उठबस नको. तो आधी मागचे पाय उभे करतो, माणूस थेट त्याच्या मानेवर झेपावतो.

नळस्टॉप
डुंगराच्या रस्त्यावरची मॅग्नेटिक हिल चुकवू नका! इंजिन बंद केलं तरी गाडी चढावर आपोआप जाते. जमिनीत चुंबक आहे.

रिकामटेकडा
चुंबक असता तर घाटातली प्रत्येक एसटी तिथे चिकटून बसली असती. तो उतारच आहे, आजूबाजूच्या डोंगरामुळे चढ वाटतो.

नळस्टॉप
मी स्वतः अनुभवलंय. तुम्ही फक्त वाचलंय.

जोशीकाका
श्रद्धेचा विषय आहे, वाद नको. माझ्या मेहुण्यांनी गुडघा बदलला, त्यांना उभ्याने भस्त्रिका केल्याने फार फरक पडला.

फोटोवेडा
वाइड लेन्स घ्या, शिवाय २०० ची असेल तर उत्तम. रणावर उष्णतेची थरथर असते, दुपारी दूरचे फोटो भुसभुशीत येतात.

कोथरूडचा_अमोल
लेन्स कोणी विचारली? मोबाइल आहे माझ्याकडे. भटकभवानी, मग करू काय?

भटकभवानी
उलटा क्रम लावा. सकाळी भुजहून निघून दुपारच्या आरतीला देवळात पोचा. आरती झाल्यावर कोल्ह्यांना भाताचा प्रसाद ठेवतात. पुजारी 'लोंग, लोंग' अशी हाक मारतात आणि झुडपांतून कोल्हे येतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तात्रेयांनी स्वतःचं अंग देऊ केलं अशी कथा आहे. गर्दीत ते येतीलच असं नाही, आईंना आधी सांगून ठेवा. रण तिथूनही दिसतं, पांढरा पट्टा थेट आकाशाला जाऊन भिडतो.

मग खाली उतरून धोर्डो, सूर्यास्त पांढऱ्या रणात. तिथे जमीन सपाट, गुडघ्याला त्रास नाही. पांढऱ्या रणाचा परवाना लागतो, भिरंडियाराला नाक्यावर मिळतो, ओळखपत्र सगळ्यांचं जवळ ठेवा. तिथला मावा खा. रात्री भुजलाच या, दुसऱ्या दिवशीची गाडी धरा. आणि गरम कपडे न्या, सूर्य गेला की वारा बोचतो.

रिकामटेकडा
खावड्यापुढे इंडिया ब्रिजकडे जायचा हट्ट नको. ती सीमेची हद्द आहे, परवानगीशिवाय पुढे सोडत नाहीत.

नळस्टॉप
भुजला दाबेली खाच. पुण्यातली खाऊन ही म्हणजेच दाबेली असं समजू नका.

रिकामटेकडा
दाबेली मांडवीची. भुजची नव्हे.

कोथरूडचा_अमोल
दुसऱ्या दिवशीचं टाकलं. दोन बर्थ आरएसी, एक वेटिंग. भटकभवानी, आभार. बाकीच्यांनी दाबेलीचा निकाल लावा.

हडपसर_एक्स्प्रेस
याच धाग्यात विचारतो. आम्ही पुण्याहून कारने निघतोय. भुजच्या पुढे सीएनजी मिळतो का?

भटकभवानी
कोणती गाडी, किती जण, कधी? आणि वेगळा धागा काढा.