कळपाची ओढ न्यूनगंडातून येते का?

शंकासूर : माझं मत सरळ आहे. गटबाजी वाढते ती आपल्यातल्या असुरक्षिततेमुळे. फाइन आणि स्पेन्सर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये काही विद्यार्थ्यांना बुद्धिमापन चाचणीत कमी पडल्याचं खोटंच सांगितलं. नंतर समोरची व्यक्ती वेगळ्या समाजातली आहे असं कळल्यावर याच विद्यार्थ्यांनी तिला जास्त कमी लेखलं, आणि तसं केल्यावर त्यांचं स्वतःबद्दलचं मत सुधारलंही! अतिविचार यात तेल ओततो. 'त्याने उत्तर दिलं नाही', मग 'तो मला टाळतो', मग 'ते लोक असलेच'. तिसऱ्या पायरीवर माणूस जाऊन अख्खा गट येतो आणि तपासण्यासारखं काही उरतच नाही.

आडवाटेचा : अहो, मग मानसशास्त्रज्ञ टाजफेलच्या १९७१ च्या प्रयोगाचं काय? चित्रकार क्ली आवडतो की कँडिन्स्की, एवढ्या निमित्ताने शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. कोण कुठल्या गटात ते माहीत नाही, भांडण नाही. तरी आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यांपेक्षा जास्त हवं, असं वाटप बरेच जण करत होते. यात कुणाचा न्यूनगंड दुखावला होता? रुबिन आणि ह्यूस्टन यांच्या १९९८ च्या आढाव्यातही 'आत्मसन्मान कमी म्हणून पक्षपात जास्त' या गृहीतकाला फारसा आधार मिळाला नाही. शिवाय न्यूनगंडाचं निदान नेहमी समोरच्या गटाचंच होतं, हे एक गमतीशीरच.

शंकासूर : मुरलेला न्यूनगंड वेगळा, नुकताच बसलेला धक्का वेगळा. मी धक्क्याबद्दल बोलतोय. आणि आपल्यांना झुकतं माप देणं म्हणजे परक्यांचा द्वेष नव्हे.

मोजपट्टी : अतिविचाराबद्दल शंकासूर बरोबर आहेत. बुशमनच्या २००२ च्या प्रयोगात, अपमान करणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पिशवीवर ठोसे मारणारे शेवटी जास्त चिडलेले निघाले. नुसते शांत बसलेले कमी. म्हणून रागाचं वाक्य कागदावर उतरवा, 'ते लोक' खोडा, तिथे नाव, तारीख आणि केलेली कृती लिहा. लिहिता येत नसेल तर ती तक्रार ऐकीव आहे. दुसरं, वादग्रस्त धोरणाला पाठिंबा का, हे विचारू नका. ते टप्प्याटप्प्याने कसं चालेल ते सांगायला लावा. फर्नबाख आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात त्याने मतं मवाळ झाली, नुसती कारणं मागितल्यावर झाली नाहीत. लोक इथेच घसरतात : 'कसं'चं उत्तर म्हणून 'का'च ऐकवतात.

आडवाटेचा : पुढच्या एका पडताळणीत आपल्याला कमी कळतं हे लोकांना उमगलं, पण मतं तशीच राहिली, हेही सांगा की. मला शेरीफचा १९५४ चा शिबिरातला प्रयोग पटतो. मुद्दाम निवडलेली २२ सुस्थिर मुलं, तरी दोन गटांत जुंपली. एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी. वैर ओसरलं ते पाणी बंद पडल्यावर, ट्रक अडल्यावर, अशी कामं एकामागून एक मिळून केल्यावर. मनाची मशागत कुणीच केली नव्हती.

शंकासूर : खरंय. पण पाणी आणि ट्रक, दोन्ही संशोधकांनीच ठरवून अडवले होते. बाहेर ते काम कोण करणार, तेवढं सांगा.