दोन महायुद्धांमधला रोमानियाचा स्ट्रायकर: कोणावर बोलू?

कॉर्नर_फ्लॅग:
आमच्या मंडळात दर महिन्याला एक जण जुन्या काळातल्या एका फुटबॉलपटूवर अर्धा तास बोलतो. पुढची पाळी माझी. महायुद्धाआधीचे तिन्ही वर्ल्ड कप खेळलेले देश चारच, आणि त्यात रोमानिया आहे हे कळल्यापासून त्यांचाच एखादा स्ट्रायकर घ्यायचं डोक्यात आहे. वेट्झर, दोबाय, बोडोला अशी तीन नावं काढली आहेत. कोणाला घेऊ? नुसती गोलांची जंत्री नको आहे.

डावी_बगल:
दोबाय, डोळे झाकून! श्टेफान दोबाय म्हणजे तिमिशोआराच्या रिपेन्सिया क्लबचा डावा विंगर. फटका इतका जोरकस की त्याला ‘जाळी फाडणारा’ म्हणत. 27 मे 1934ला त्रिएस्तेमध्ये चेकोस्लोव्हाकियासमोर पहिला गोल यानेच मारला, तोही प्लानिच्कासारख्या गोलकीपरला. पुढे चेक 2-1ने जिंकले आणि थेट फायनलपर्यंत गेले. 1938ला तुलूझमध्ये क्यूबाविरुद्ध 3-3 झाली त्यात त्याचा एक गोल, चार दिवसांनी पुन्हा खेळवलेल्या सामन्यात रोमानियाचा एकमेव गोलही त्याचाच. तरी क्यूबाने 2-1ने घरी पाठवलं, ते वेगळं. रिपेन्सिया हा रोमानियातला पहिला व्यावसायिक क्लब, त्यामुळे बोलायला भरपूर आहे.

सीमापार:
दोबाय थोरच, पण अर्धा तास एकाच माणसावर बोलायचं तर मी बोडोलाच घेईन. वेट्झर 1930चा कर्णधार खरा, पण त्या वर्ल्ड कपची गोष्ट सांगायला बसलं की संघाचा उरुग्वेपर्यंतचा बोटीचा प्रवास आणि त्यात पुढाकार घेणारा रोमानियाचा राजा कारोल हेच सगळी जागा खातात, वेट्झर मागे पडतो.

युलिउ बोडोला 1912 साली ब्रशोवमध्ये जन्मला. तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रशोवसकट सगळा ट्रान्सिल्व्हेनिया प्रांत रोमानियाकडे गेला, आणि हा मॅग्यार, म्हणजे हंगेरियन भाषिक, घरातला मुलगा रोमानियाकडून खेळू लागला. 1931 ते 1939 या काळात 48 सामन्यांत 30 गोल! तो विक्रम 1990च्या दशकात रोमानियाचाच गेओर्गे हाजी येईपर्यंत कोणाला मोडता आला नाही. आधी तो ओरादेआच्या अॅथलेटिक क्लबात होता, मग बुखारेस्टच्या वेनुसमध्ये, आणि वेनुसबरोबर त्याने 1939 आणि 1940ची लीग जिंकली.

ऑगस्ट 1940मध्ये जर्मनी आणि इटलीने दिलेल्या व्हिएन्नाच्या निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला दिला. ओरादेआ त्यातच. शहराचं नाव पुन्हा नॉजव्हाराद झालं, जुना क्लब हंगेरीच्या लीगमध्ये खेळू लागला आणि बोडोला तिथे परतला. आता तो हंगेरीचा ग्युला बोडोला. त्यांच्या राष्ट्रीय संघाकडून तो 13 सामने खेळला आणि त्याने 4 गोल केले. 1944ला नॉजव्हारादने हंगेरीची लीग जिंकली. बुडापेस्टबाहेरच्या क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे पाच मोसमांत दोन देशांचा विजेता, आणि दुसरं विजेतेपद ज्या गावात मिळालं ते गाव जागचं हललंही नव्हतं.

एक विनंती आहे. 1944चं विजेतेपद सांगाल तेव्हा तो वसंत ऋतू गाळू नका. मे महिन्यात त्याच शहरात घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, उभारला गेला, बुडापेस्टनंतरचा हंगेरीतला सर्वांत मोठा. मेअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या 25,000हून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून ऑशविट्झला नेलं. लीगचं कोष्टक एकटं वाचलं तर यातलं काहीच दिसत नाही. मला हे सांगणं करंडकापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

डावी_बगल:
हे वाचून माझं मत बोडोलाला. दोबायवर पुढच्या महिन्यात दुसरं कोणी बोलेल.

कॉर्नर_फ्लॅग:
ठरलं, बोडोला. दोन शंका आहेत. श्रोत्यांना ट्रान्सिल्व्हेनिया म्हटलं की ड्रॅक्युलाच आठवतो, तर सुरुवात कुठून करू? आणि तो मनाने रोमानियाचा की हंगेरीचा, असं कोणी विचारलं तर?

सीमापार:
1920चा आणि 1940चा असे दोन नकाशे शेजारी शेजारी लावा आणि दोन्हींत ओरादेआवर खूण करा. पाच मिनिटं तिथेच खर्च करा, पुढचं सगळं सोपं जाईल. मनाच्या प्रश्नावर त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. तो दोन्ही संघांकडून खेळला, युद्धानंतर बुडापेस्टच्या एमटीकेकडून खेळला आणि शेवटपर्यंत हंगेरीत राहिला. ओरादेआच्या नगरपालिकेच्या स्टेडियमला मात्र आज त्याचंच नाव आहे, रोमानियन रूपात. एवढं समोर ठेवा, ऐकणारे काय ते ठरवतील.

वाचताना दोन्ही नावांनी शोधा. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं, म्हणून ‘बोडोला ग्युला’ असंच टाका. रोमानियन नोंदींत 1940नंतरचं फार थोडं सापडतं आणि हंगेरियन नोंदींत त्याआधीचं. दोन्ही जुळवल्याशिवाय वर्षांचा मेळ लागत नाही.

पेनल्टी_स्पॉट:
वेळ उरला तर निकोलाय कोवाच दोन मिनिटांत सांगून टाका. तिन्ही वर्ल्ड कप खेळलेल्या मोजक्या खेळाडूंतला तो एक, 1930ला रोमानियाने पेरूला 3-1ने हरवलं त्यात त्याचाही गोल होता. त्याचा धाकटा भाऊ श्टेफान पुढे नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबचा कोच झाला आणि 1972 व 1973चे युरोपियन कप घेऊन गेला. आयॅक्सचं नाव निघालं की मागच्या रांगेतले पण कान टवकारतील.