कॉलेज चांगलं होतं हो, पण जायचं कसं? (अनुभव लिहा)

खारी_बिस्कीट
काल रात्री भाचीचा इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायला बसलो होतो. तिने गेल्या वर्षीचे कटऑफ बघून कॉलेजं उतरत्या क्रमाने लावली होती, रंगीत एक्सेल वगैरे. मी विचारलं, हे चौथ्या नंबरचं कुठे आलं गं? तर म्हणे, "थांब मामा, मॅपवर बघते." म्हणजे बघितलंच नव्हतं! आणि मला माझी ६.१४ ची लोकल आठवली.

१९९८. राहायला बदलापूर, कॉलेज माटुंगा. यादीत नाव लागलं, घरात पेढे आले. अंतराचा विषय कोणी काढलाच नाही, कारण "लोक रोज जातात की". अहो, ते नोकरीला जातात. त्यांना साडेपाचला प्रॅक्टिकल संपवून, जर्नल छातीशी धरून दादरला चढायचं नसतं. फास्ट माटुंग्याला थांबायची नाही, म्हणून सकाळी दादरला उतरून उलटी स्लो. पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं की संपलंच. एकदा गर्दीत डबा उघडला आणि मटकीची उसळ केमिस्ट्रीच्या जर्नलवर. सरांनी वास घेतला, हसले, सही केली.

पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. दुसऱ्या वर्षी कल्याणचं कॉलेज घेतलं, नाव तेवढं मोठं नाही, पण दुपारी घरी येऊन झोपून उठून अभ्यास व्हायला लागला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, कॉलेजच्या टाइमटेबलाआधी रेल्वेचं टाइमटेबल बघा. तुमचं काय झालं?

लेडीज_डबा
६.१४ ला चौथी सीट तरी मिळायची का? 😄

खारी_बिस्कीट
चौथी सीट? मी तीन महिने दारातल्या दांड्याचा नातेवाईक होतो.

उसाचा_मळा
आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात "पुणे". नाव सांगत नाही, अजून चालू आहे. २००७ ला मी आणि बाबा ट्रंक घेऊन स्वारगेटला उतरलो, रिक्षावाल्याला पत्ता दाखवला तर तो म्हणाला काका तुम्ही जरा लवकर उतरलात का? मग दोन बस, पुढे सहा आसनी, पुढे चालत. दोन्ही बाजूला ऊस. बाबा गप्प होते. गेटपाशी एवढंच म्हणाले, "हवा चांगली आहे."

हवा खरंच चांगली होती. पण शेवटच्या वर्षी कंपन्या काही एवढ्या लांब आल्या नाहीत. पूल कॅम्पसला, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या एकत्र नोकरीच्या मुलाखतींना, शहरातल्या कॉलेजात जायचं, पहाटे चारला उठून, इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेऊन. तिथली मुलं आरामात नाश्ता करून यायची. त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

वाशिष्ठीकाठ
लोणेरे, माणगावजवळ. हॉस्टेल. शेजारचं गाव गोरेगाव, त्यामुळे आजीने अख्ख्या वाडीत सांगितलं की नातू मुंबईला शिकतो. मीही दुरुस्त केलं नाही.
हायवेवरचं कॉलेज म्हणजे वाटलं रस्ता सोपा. घर चिपळूणला. २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री महाडचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. माझ्या नेहमीच्या एसटीचा रस्ता तोच. आई फोनवर काही बोलेचना, नुसतं "आहेस ना?" एवढंच. त्या महिन्यात मला घरी येऊच दिलं नाही.

लेडीज_डबा
बाप रे. वाचून काटा आला.

निळी_गाडी
मी जालना जिल्ह्यातली. इथे मोठमोठ्या कॉलेजांची चर्चा चाललीय, आमच्याकडे प्रश्न साधा होता: गाडी येते का? बारावीपर्यंत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी यायची, फक्त मुलींसाठी, पास फुकट. सकाळी फाट्यावर आम्ही अकरा जणी. बारावी झाली, निळी गाडी संपली. तालुक्याला सिनियर कॉलेज होतं, अंतर तेच, रस्ता तोच. पण साध्या गाडीत "कोण कोण असतं" म्हणून अकरापैकी तिघीच पुढे गेलो. बाकीच्यांची लग्नं. मार्क माझ्यापेक्षा जास्त होते दोघींना.

मी गेले कारण कंडक्टर काका आमच्या गावाकडचे निघाले. उशीर झाला की फाट्यावर एक मिनिट गाडी थांबवायचे आणि प्रवाशांना सांगायचे, "माझी पोरगी यायची राहिलीय." तीन वर्षं. माझी बी.ए.ची पदवी निम्मी त्यांची आहे.

खारी_बिस्कीट
निळी_गाडी, तुमच्यापुढे आमची मटकी काहीच नाही. काका आहेत का अजून?

निळी_गाडी
रिटायर झाले. आता बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे ना, मी गेले की म्हणतात आता सगळ्याच चढतात, मला कोणासाठी थांबावं लागलं नसतं 🙂

आत्याचं_घर
कॉलेज कसं निवडलं? जिथे आत्या राहते तिथलं. संपलं. कोणता कोर्स, कसली लॅब, कोणी विचारलं नाही. "घरातलं माणूस आहे, काळजी नाही." काळजी नव्हतीच, धुणंभांडी होती. आत्या वाईट नव्हती हं, पण पाहुणे आले की माझी परीक्षा कुठे जायची कळायचं नाही. इंटर्नलच्या आदल्या रात्री मी चाळीस पुरणपोळ्या लाटल्यात. आज पोळी फुटत नाही माझी, ही जमेची बाजू.

उसाचा_मळा
चाळीस 😳 रेसिपी टाका

आत्याचं_घर
कणीक सैल आणि तेलात बुडवून तासभर ठेवा. पुरण कोरडं. बाकी सराव.

टँकर_आला
लातूर. गाव लांब नव्हतं पण बारावीला सगळे लातूरलाच, शिकवण्यांसाठी. २०१६ चा एप्रिल. नीट का सीईटी ते ठरत नव्हतं आणि नळाला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल, आम्ही रूमवर तेव्हा बादलीत अर्धी आंघोळ करून त्याच पाण्याने मोरी धुवायचो. रूमवाल्यांनी सांगितलं होतं टँकर आला की सगळे खाली. एक मुलगा ऑरगॅनिकची रिअॅक्शन बडबडत रांगेत उभा असायचा. तोच डॉक्टर झाला 😂 मी नाही. माझी फार्मसी.
हुशार मुलं, चांगले सर, सगळं तिथेच होतं. पाणी सोडून.

आखेनहून
उलटं उदाहरण देते. एम.एस.ला जर्मनीत आखेन मिळालं, नकाशावर बघून रडू आलं, अगदी कोपऱ्यात. मग कळलं की सेमिस्टरच्या फीमध्येच बस-ट्रेनचा पास आहे, आणि नेदरलँड्स-बेल्जियम तर हाकेच्या अंतरावर. रूम मिळायला मात्र दोन महिने. तोपर्यंत एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर. गॅलरीत मेथी लावली होती, थंडीने गेली.
(इंडक्शनवर भाकरी फुगते का? माझी नाही फुगत.)

लेडीज_डबा
नाही फुगत. जाळी आणा आणि गॅसवाली शेजारीण शोधा.

साखरझोप
विषय सोडून विचारते, सॉरी. मुलीला पुण्यात कर्वे रोडच्या आसपास कॉट बेसिसवर रूम हवीय, जुलैपासून. मेस जवळ हवी. कोणाच्या माहितीत?

उसाचा_मळा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दुसरा मजला, लिफ्ट नाही, घरमालकीण साडेनऊला दार लावतात पण रविवारी साबुदाणा वडे देतात.

खारी_बिस्कीट
अपडेट: भाचीने मॅप उघडला. चौथ्या नंबरचं कॉलेज स्टेशनपासून ३१ किलोमीटर. सातव्यावर टाकलंय. ताई माझ्यावर चिडलीय, "तू तिच्या डोक्यात काहीतरी भरवतोस." सकाळपासून फोन उचलत नाही.

निळी_गाडी
ताईंना सांगा, एकदा भर उन्हात जाऊन या म्हणावं त्या कॉलेजला. एसटीने. गाडी काढायची नाही.

साखरझोप
@उसाचा_मळा व्यनि मिळाला, खूप आभार. वड्यांचं ठीक आहे, पाणी किती वेळ येतं ते लिहा ना. टँकरवाल्यांचं वाचून धसका घेतलाय.